वासाच्या बोळ्यांवर उभे राहिलेले घर

मी खाली सही करणार हिलाल वल्द झिपरू भोई, वय अदमासे सदुसष्ट, धंदा मासेमारी व गळाचे बोळे करणे, राहणार उत्राण, तालुका एरंडोल, जिल्हा पूर्व खानदेश, माझ्या मागे काय कोणाचे ते माझ्याच हाताने लिहून ठेवतो. मराठी तिसरीपर्यंत शिकलो आहे. अक्षर हलते ते हात कापतो म्हणून. डोके ठिकाणावर आहे. दारू प्यालेलो नाही. कोणी भरीस घातलेले नाही. उद्या कोणी शंका काढील, म्हणून हे आधीच लिहिले.

१. राहते घर वडिलार्जित नाही. हे कलम मुद्दाम लांब लिहितो, कारण माझा पुतण्या जीवराम ते वडिलार्जित आहे असे गावभर सांगत फिरतो. वडिलांची झोपडी गिरणेच्या पुरात गेली. हे घर मी बांधले, आणि ते बोळ्यांच्या कमाईतून बांधले.

बोळा म्हणजे काय ते हा कागद वाचणाऱ्या साहेबाला कळावे म्हणून सांगतो. मरळ मासा जिवंत बेडकीवर झडप घालतो. उन्हाळ्यात बेडक्या मिळत नाहीत, म्हणून मी गळाला कापसाचा बोळा काळ्या दोऱ्याने आवळून त्याची बेडकी करू लागलो. मरळ जवळ येई, तोंड लावी आणि थुंकून टाकी. एरंडोलच्या बाजारात धुळ्याचे नूर महंमद अत्तार बसत. त्यांना मी ही रड सांगितली. ते म्हणाले, "हिलालभाऊ, नवरी सजवली, पण अत्तर लावायचं विसरलास." थट्टाच होती, पण मी मनावर घेतली. केवडा लावून पाहिला, त्यावर एक खेकडा आला. वाळा फुकट गेला. शेवटी बडीशेपेचे तेल, ठेचलेला लसूण आणि चिंगळ्यांचा, म्हणजे बारीक कोळंबीचा, अर्क एकत्र करून बोळा मुरवला, तेव्हा मरळीने तो धरला आणि सोडला नाही. पुढे जळगाव-धुळ्याहून हौशी लोक बोळे मागवू लागले. भिंती त्यातून उभ्या राहिल्या. जीवरामच्या बापाने, म्हणजे माझ्या भावाने, एक वीटही आणलेली नाही. तो बिचारा असता तर त्यानेच हे सांगितले असते.

२. मानमोडीच्या साथीत ताप आला, त्यात माझे नाक गेले. तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. फुलाचा नाही, चितेचाही नाही. हे मी कोणाला सांगितले नव्हते. मग एकदा बडीशेपेच्या तेलाऐवजी घासलेटाच्या बाटलीत बोळे बुडवले आणि टोपली भरून बाजारात नेले. लोक म्हणाले, "नाना, मासा धरना शे का दिवा लावना शे?" त्या दिवसापासून माझी बायको भिकुबाई प्रत्येक घाणा हुंगून पाही. ती गेल्यावर मुलगा पुना पाही. पुना तीन वर्षांपूर्वी पटकीने गेला. आता त्याची बायको शेवंताबाई पाहते. ती म्हणते, "आबा, लसूण जास्त व्हयना," की लसूण जास्त झाला असे समजून मी हात थांबवतो. आज जो धंदा चालतो तो माझा म्हणतात, पण तीन वर्षे तिच्या नाकावर चालला आहे.

३. तांब्याचे पातेले, दगडी खल, गळ, दोरे व काचेच्या बाटल्या शेवंताबाईला. बोळ्याचे माप येथे लिहीत नाही. ते तिला येते, आणि जीवरामला हा कागद वाचायला मिळणार आहे.

४. राहते घर, अंगण व मागची पडवी माझी सून शेवंताबाई हिला पूर्ण मालकीने. विकावे, ठेवावे, भाड्याने द्यावे, तिची मर्जी. या कलमातील काही शब्द मी खोडले आहेत. कारण शेवटी लिहिले आहे.

५. जीवरामला मोठे जाळे. ते फाटले आहे, पण फाडले त्यानेच. माझी नाव न विचारता नेली ती त्याने ठेवावी, कोणी ती परत मागू नये असे सांगून ठेवतो. मात्र घराच्या उंबऱ्यावर बसून सुनेला "माहेरी जा" असे पुन्हा म्हणू नये.

६. माझ्या दहाव्याला मासे करू नयेत. पुना गेल्यापासून मी मासा खाल्लेला नाही.

७. या कागदाला उंदीर लागतील अशी धास्ती वाटते, म्हणून तो झुलाल पाटील यांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवावा. पेटी ओलीच्या भिंतीला लावू नये.

खोडलेल्या शब्दांबाबत: कलम ४ मध्ये "पाट न लावता पुनाच्या नावावर राहील तर" असे मी लिहिले होते. आमच्या जातीत विधवेला पाट लावून दुसरा संसार करता येतो, पण मग पहिल्या घरावर तिचा हक्क राहत नाही. पुनाचे नाव या घरातून पुसले जाऊ नये, एवढाच माझा हेतू होता. काल नशिराबादच्या तोताराम भोयाकडून एक म्हातारी शेवंताबाईच्या पाटाचे विचारायला आली. मी आत पडलो होतो. मला झोप लागली आहे असे समजून शेवंताबाई दारात तिला म्हणाली, "माणूस चांगला शे, माले माहीत शे. पण आबा जिता शे तोवर ती गोष्ट काढू नका. त्यासले वास कोन सांगी?"

तिला नको होते असे नाही. ती माझ्यासाठी थांबली आहे. मी रात्र उलटीपालटी काढली, पोराची खूप आठवण आली. सकाळी दौत मागितली आणि ते शब्द माझ्या हाताने खोडले. तिने पाट लावला तरी घर तिचेच. तोतारामाने हवे तर येथे येऊन राहावे. तिला हे मी जिवंत असता वाचून दाखवू नये. ती हो म्हणणार नाही आणि मला तिच्यासमोर बोलता येणार नाही.

खोडाखोड माझ्या राजीखुशीची आहे.

मुक्काम उत्राण, ता. ११ माहे मार्च सन १९३९.

सही: हिलाल वल्द झिपरू भोई, दस्तुर खुद्द

साक्षीदार, आम्हांसमोर सही केली व खोडलेले शब्द पाहिले:
१. झुलाल महादू पाटील, राहणार उत्राण
२. नूर महंमद वल्द हाशम अत्तार, राहणार धुळे