चार नंबरच्या खाटेवरची तहान

जळगाव, २ मे १९९१
आलो एकदाचा! पिंप्राळ्यातलं हे खाजगी मनोरुग्णालय बारा खाटांचंच, पण लखलखीत. वॉर्डात कूलर, मला वेगळी खोली, आणि डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी झणझणीत शेवभाजी खाऊ घातली. मेल नर्सला एवढा मान नाशिकला कधी मिळाला नव्हता.

६ मे
चार नंबरला चुडामण. साक्रीकडचा, तिशीचा, अबोल. सोबतीला आई, झुंबरबाई. हा दिवसभर पाणी पितो. वजन सकाळी एकावन्न, संध्याकाळी साडेचोपन्न. आमच्या जुन्या सिस्टरांनी शिकवलं होतं, अशा रोग्याचं वजन दोनदा घ्यावं. इतक्या पाण्यानं रक्तातलं मीठ उतरतं, मेंदूला सूज येते, जीवही जातो. डॉक्टरांना सांगितलं तर हसले. जळगावच्या मे महिन्यात पाणी नाही प्यायचं तर काय करायचं, म्हणाले.

११ मे
नळाला कुलूप घातलं, तर पठ्ठ्या कूलरच्या टाकीला तोंड लावून बसला. वजन छप्पन्न. वॉर्डात रोग्यांच्या सोबतीला राहिलेल्या बायका मला कसाई म्हणतात. झुंबरबाई पदराखालून लोटा आणते. हात जोडले, तर म्हणते, "भाऊ, पानी मांगनाराले नही म्हनो त पाप लागस." भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

१५ मे
उद्या आखाजी, म्हणजे आपली अक्षय्यतृतीया. इथे पितरांसाठी घागर भरतात. ते येऊन पाणी पितात म्हणे. चुडामणचा बाप गेल्या वर्षी विहीर खणताना उन्हानं गेला, पाणी मागत मागत. झुंबरबाई शांतपणे म्हणाली, "हाऊ नही पेस, याना बाप पेस." म्हणजे पाणी हा पीत नाही, याचा बाप पितो. घागर वॉर्डात येऊ देऊ नका, अशी चिठ्ठी डॉक्टरांना दिली. ती न वाचताच ते सणाला गावी गेले.

१६ मे, दुपारी दोन
घागर आली. एक नाही, चार. बाकीच्या बायकांनीही त्याच्यासाठी भरल्या. वजन घेऊ देत नाहीत. तो ओकतोय, झोकांड्या जातायत, मला ओळखत नाही— तरी हात घागरीकडेच.

अडीच
झटका आला. बायका ओरडल्या, पितर आले! लोटा हिसकावला तर मला बाहेर ढकललं. आतून कडी. फोन बंद. वेळा लिहून ठेवतोय, उद्या कुणी विचारलं तर—

दोन चाळीस
दुसरा झटका. खिडकीतून दिसतं— झुंबरबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलंय. चमच्यानं दात उघडतेय. रडत नाही, लाजतेय. त्याला "चुडामणना बाप" म्हणतेय. झुंबरबाई, नका— ऐकत नाही. लोटा पुन्हा भर— काच फोडतो. तिसरा झट—