चित्र गेलं की आवाज जातो

३ मार्च, रविवार

कॅमेरा मेला! कालचं अपडेट घेतल्यापासून. रविवारचा ताईचा व्हिडिओ कॉल, आणि तिला माझ्या जागी काळा चौकोन. वर म्हणते, तुझा आवाजही येत नाही गं. घसा फोडून ओरडले. शेवटी तिनेच कॉल बंद केला. साध्या फोनवर ती हल्ली बोलतच नाही — चेहरा दिसल्याशिवाय करमत नाही म्हणे. लाडोबा!

तासाभरात भाचा, ताईचा मुलगा, मला शहाणपण शिकवायला फोनवर हजर. "मावशी, ते फुकटचं लिनक्स काढ आणि चारचौघांसारखा लॅपटॉप घे." फुकटचं! विमा कंपनीत जन्मभर लोकांचे दावे तपासले मी. माझं मशीन चालवणाऱ्या लिनक्सला पुराव्याशिवाय कोणी आरोपी करायचं नाही.

४ मार्च

मशीन सुरू करताना आधीचा कर्नल निवडला — म्हणजे लिनक्सचा जुना गाभा. कॅमेरा जिवंत! खोट नव्या गाभ्यात आहे. कोणीतरी न तपासता पुढे ढकललंय. असलं काम आमच्या शाळेतल्या सिस्टरांनी फाडून हातात दिलं असतं.

६ मार्च, बुधवार

चाचणी म्हणून ताईला आडवारी गाठलं. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. सगळ्या नातेवाइकांची यथासांग धुलाई केली. "आज कशी खणखणीत बोलतेस," म्हणाली. मी रोज बोलते तशीच बोलत होते.

१० मार्च, रविवार

मुद्दाम नव्या गाभ्यावर गेले. चित्र गेलं — आणि आवाजही! नियम ठरला: चित्र गेलं की आवाज जातो. लिनक्सवाल्यांच्या फोरमवर रीतसर तक्रार ठोकली.

संध्याकाळी पुन्हा भाचा. तुझ्या त्या डबड्यामुळे आई कॉलनंतर नुसती गप्प बसून राहते म्हणाला. आणि मग हळूच मुद्द्यावर आला. आई ठणठणीत आहे म्हणून एकटी राहू देतोय, एक जरी गोष्ट बिघडली तर वृद्धाश्रमातली जागा पक्की करणार. बघूनही ठेवलीय लबाडाने. ताई तर म्हणते, या घरातून मला आडवीच न्या.

१२ मार्च

फोरमवर घुबडाचं चित्र लावलेला कोणी गृहस्थ आहे. त्याच्याकडे असं काही होत नाही म्हणे. आधी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. ऐकला. खणखणीत. जरा कर्कश — असू दे. मग म्हणे, दुसऱ्या कोणाशी तरी चित्राविना बोलून बघा. भाच्याला नव्या गाभ्यावरून तसाच कॉल लावला. त्याला शब्द न् शब्द ऐकू गेला. वृद्धाश्रमाबद्दल मी जे सुनावलं, ते ऐकू गेलं नसतं तर बरं, असं त्यालाच वाटलं असेल.

१३ मार्च

घुबड लिहितो: एका वेळी एकच गोष्ट बदला. आता उलट करा, चित्र चालू आणि माइक बंद. मला शिकवतो! दावेदार उजवा हात दुखतो म्हणाला की डावाही बघायचा, हे मी त्याच्या जन्माआधीपासून करत आलेय.

पण मेल्याचं म्हणणं बरोबर आहे.

१७ मार्च, रविवार

जुना गाभा. चित्र स्वच्छ. सेटिंगमध्ये जाऊन माइक मुका केला आणि ताईला विचारलं, गुडघा काय म्हणतो?

"जिना चढताना कुरकुरतो," ताई म्हणाली.

मला वाटलं, सवयीने बोलली. विचारलं, प्लंबर येऊन गेला का? आला होता, पैसे घेऊन गेला, नळ गळतोच आहे. भाच्याच्या टकलावरून एक टोमणा मारला. खळखळून हसली. मी माइक पुन्हा तपासला. मुकाच होता.

मग माइक चालू केला, मान खाली घातली आणि मोठ्याने बोलत राहिले.

"गेला बघ तुझा आवाज," ताई म्हणाली.

मान वर केली. आता आला म्हणाली.

१८ मार्च

तक्रारीतला आवाजाचा भाग मागे घेतला. कॅमेऱ्याचा ठेवलाय, ती खोट खरी आहे. टेबलावरचा दिवा सरकवून उजेड माझ्या ओठांवर येईल असा लावला. शनिवारचं तिकीट काढलं. ताईसमोर बसूनच बोलायचं.

भाच्याचा फोन. "सापडला का बिघाड, मावशी?"

म्हटलं, सापडला. माझ्याच मशीनमध्ये होता.