मोज्यातली घंटा

प्रति,
मा. मुख्याध्यापिका यांच्या सेवेशी,
मुख्याध्यापिकांची खोली, पहिला मजला, जिना चढून उजवीकडे.

अर्जदार : शाळेचा शिपाई (घंटा, फाटक व पाणी)

विषय : जिन्यातील जुनी घंटा उतरवण्याचे काम सहा आठवडे पुढे ढकलणेबाबत, तसेच मंगळवारी शाळा पाच तास चाळीस मिनिटे आधी सुटल्याबद्दल खुलासा.

संदर्भ : १) आपला दि. ६ चा मेमो. २) माझा उजवा खांदा.

महोदया,

१. आपल्या मेमोत "दोन ओळींत खुलासा करावा" असे म्हटले आहे. दोन ओळींत करून पाहिला. त्यात मी वेडा झालो आहे असा अर्थ निघत होता, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

२. दहा आठवड्यांपूर्वी जिना पुसून झाल्यावर मीच पुसलेल्या पायरीवरून माझाच पाय घसरला. आधारासाठी हाताला घंटेची दोरी आली. ती मी सोडली नाही, खांद्याने मात्र मला सोडले. घंटेचा एक टोल पडला आणि सातवीच्या वर्गाने तास संपला असे समजून वह्या मिटल्या, तो दोष त्यांचा नाही.

३. खांदा निखळला हे कळताच पी.टी.चे सर बाही वर करून आले व "दोन मिनिटांचं काम, मी बसवतो" म्हणाले. आपण जिन्यातूनच ओरडलात, "कोणी हात लावायचा नाही! ओढाओढीत आतली शीर दुखावली तर आयुष्यभर निस्तरत बसाल!" आपण स्वतः शिक्षकांच्या खोलीतला टेबलक्लॉथ ओढून त्याची झोळी माझ्या गळ्यात बांधली व मला दवाखान्यात पाठवले. डॉक्टरांनी फोटो काढून, मला गुंगी देऊन, खांदा हळूच जागेवर बसवला आणि विचारले, ही झोळी कोणी बांधली, चांगली बांधली आहे. हे आपल्याला सांगायचे राहून गेले होते.

४. पुढील तीन आठवडे हात झोळीत होता. या काळात घरच्या मंडळींनी जे उपचार सुचवले त्यांची यादी जोडत नाही, कागद पुरणार नाही. सौभाग्यवतींचे म्हणणे शेक द्या, शेजारच्या काकूंचे म्हणणे तेल चोळा, आणि माझा मेहुणा रोज संध्याकाळी येऊन "एक हिसका देऊ का, दाजी?" असे आशेने विचारीत असे. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो आमच्या घरी चहा पिऊन जात होता. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळून बर्फ लावला, कोणाला चोळू दिले नाही, आणि बोटे, मनगट व कोपर हलवत राहिलो.

५. झोळी सुटली तेव्हा कळले की खांदा जागेवर आहे, पण गंजला आहे. हात छातीच्या वर जाईना. मग दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंकडे मला पाठवले. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण शिस्तीने आपल्या तोडीच्या. त्यांनी तीन व्यायाम दिले. पहिला, वाकून हात सैल सोडून झुलवायचा. दुसरा, भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढायची आणि पोहोचलो तिथे खूण करायची. तिसरा, कप्पीवरची दोरी दोन्ही हातांत धरून, चांगल्या हाताने खाली ओढायची म्हणजे दुखरा हात आपोआप वर जातो. दहा वेळा, दिवसातून तीनदा. त्यांचा नियम एकच : "ओढ बसली तर बसू दे, काका. कळ आली की थांबायचं."

६. आमच्या घरी कप्पी नाही. शाळेत आहे. जिन्यातल्या घंटेच्या चाकावरून दोरीची दोन्ही टोके खाली व्हरांड्यात लोंबतात, हे आपण जाणताच. मी रजेवर असताना शाळेत विजेची घंटा बसली व जुनीला काम उरले नाही. तिला काम नव्हते आणि मला दोरी हवी होती. अडचण एकच, दोरी ओढली की ती वाजणार. म्हणून जिन्याच्या मधल्या टप्प्यावर जाऊन, डाव्या हाताने व दातांनी, मी तिच्या लोलकाला माझा लोकरीचा मोजा बांधू लागलो. व्यायाम झाला की मोजा सोडून टप्प्यावरच्या खिळ्याला अडकवून ठेवतो. चार आठवडे घंटेचा आवाज झाला नाही.

७. मंगळवारची हकिकत अशी. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी व्यायामास गेलो, तर मोजा लोलकाला आधीच बांधलेला. आदल्या दिवशी सोडायचा विसरलो असेन असे वाटले, म्हणून गाठ तपासली नाही. ही माझी चूक. पहिल्याच ओढीला मोजा गळून पडला. एक टोल पडला तेव्हा थांबायला हवे होते. पण महोदया, त्या दिवशी हात पहिल्यांदाच कानाच्या वर गेला, कळ न येता. आणि दहा आठवड्यांनी तो आवाज कानी पडला. खरे सांगायचे तर मला थांबावेसे वाटले नाही. मी दहाही मोजून ओढले. सलग दहा टोल म्हणजे शाळा सुटली, हे पहिलीच्या मुलालाही ठाऊक आहे.

८. मेमोत "विद्यार्थी रस्त्यावर गेले" असे आहे. फाटकावर मीच असतो म्हणून नमूद करतो की सर्वांत आधी गणिताचे सर गेले. मुले त्यांच्या मागून गेली. कोणी हरवले नाही, कारण वर्गांत एकशे बारा डबे राहिले होते व भूक लागल्यावर बहुतेक जण आपणहून परत आले. गणिताचे सर डबा आणत नाहीत.

९. आता गाठीबद्दल. ती माझी नव्हती. मी एका हाताने व दातांनी बांधतो ती गाठ सुटता सुटत नाही. ही गाठ दोन हातांची, घाईतली होती, आणि त्यातला एक हात नीट वर पोहोचत नसावा. कोणावर आरोप करण्याचा हेतू नाही. झाल्या प्रकाराची जबाबदारी माझीच आहे.

१०. तथापि टप्प्याच्या भिंतीबद्दल कळवणे कर्तव्य समजतो. तिथे माझ्या बोटांच्या खुणा आहेत, सुताराच्या पेन्सिलीने, तारखेसह. गेल्या तीन आठवड्यांपासून त्यांच्या डावीकडे, वीतभर खाली, निळ्या पेन्सिलीच्या खुणा दिसू लागल्या आहेत. निळी पेन्सिल शाळेत एकाच टेबलावर असते. त्या टेबलावरची व्यक्ती महिनाभर वरच्या फळीवरचे रजिस्टर मला काढायला लावते आणि डावा हात पदराखाली धरून बसते, हे मी पाहिले आहे. ती व्यक्ती कोण, याची चौकशी मी केली नाही व करणार नाही. पी.टी.च्या सरांना तर मुळीच कळू देणार नाही.

११. त्या व्यक्तीस अनुभवाचे दोन शब्द कळवावेत ही विनंती. गुरुवारी निळी खूण दोन बोटे खाली उतरली आहे. बुधवारी जोर जास्त झाला असावा. घाबरू नये. माझीही दोनदा उतरली होती आणि दोन्ही वेळा मी घरी जाऊन सौभाग्यवतींवर उगाच डाफरलो. दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते. बोटांनी भिंत चढताना ती मुंगी रोज दिसते. कळ दाबून धरू नये. आणि एकदा दवाखान्यात दाखवावे. मला पाठवणाऱ्या व्यक्तीने स्वतः मात्र जाऊ नये, हे बरोबर नाही.

१२. येत्या शनिवारी घंटा उतरवून भंगारात देण्याचे ठरले आहे. व्यायामाच्या बाईंनी मला अजून सहा आठवडे सांगितले आहेत. सहा आठवड्यांनीच मी निवृत्त होत आहे. एकतीस वर्षे मी ही शाळा भरवली आणि सोडली. त्या दिवशी शेवटचे दहा टोल मला माझ्या उजव्या हाताने द्यायचे आहेत, मोजा न बांधता आणि वेळेवर. त्यासाठीच मी रोज भिंत चढतो आहे. विजेचे बटण एका बोटाने दाबून घरी जायला मन घेत नाही.

१३. त्यानंतर घंटा ठेवावी की उतरवावी हे आपण ठरवावे. निळ्या खुणांवरून पाहता त्या खांद्याला माझ्यापेक्षा जास्त दिवस लागतील असे दिसते. दोरी सव्वापाचनंतर मोकळी असते. तेव्हा मी फाटकावर असतो आणि कोणाला आत सोडत नाही.

आपला नम्र, सध्या पावणेदोन हातांचा,
शाळेचा शिपाई
(सही उजव्या हाताची)

दिनांक : ९ सप्टेंबर

सोबत :
१) व्यायामाच्या बाईंची चिठ्ठी.
२) टेबलक्लॉथ, धुऊन व इस्त्री करून.
३) लोकरीचा मोजा, नवा, एक. जोडीतला दुसरा मी वापरतो.