डावी पापणी

गुरुजी, काल मी मुलाखत दिली. पन्नाशीला टेकलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल, आणि समोर धरमपेठेतल्या एका जाहिरात कंपनीचं काचेचं दार. बाजूच्या खुर्च्यांवर सगळी विशीतली पोरं. त्यांतल्या एकाने मला फार आदराने विचारलं, "काका, कोणासोबत आले तुम्ही?" मी म्हटलं, माझाच नंबर आहे. तो बिचारा इतका ओशाळला की स्वतःच्या बाटलीतलं पाणी मला देऊ लागला. मी प्यायलो. तोंडाला कोरड पडलीच होती. भीतीने म्हणाल तर तसं नव्हतं. जत्रेच्या दिवशी सकाळी लहानपणी वाटायचं तसं वाटत होतं. आज सकाळीही तसंच वाटतंय, म्हणून अंघोळ आटोपून, चहा बाजूला ठेवून हे लिहायला बसलो.

तुम्ही वारलात तेव्हा मी अजून गावातच होतो, आणि तुमची बदली दुसऱ्या तालुक्यात झालेली. त्यानंतरचं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. मी नागपुरात आलो, लकडगंजातल्या एका छापखान्यात लागलो आणि तिथेच राहिलो. लग्नपत्रिका करतो. आधी हाताने करायचो, मग कॉम्प्युटरवर. आता पत्रिका लोकांच्या मोबाइलवर जातात. दिवाळीनंतर मालकांनी मला बसवून घेतलं आणि सांगितलं की या लग्नसराईनंतर पत्रिकांचं काम बंद करायचं, फक्त मिठाईचे डबे छापायचे. डब्यांना माझी गरज नाही, हे त्यांनी तोंडाने म्हटलं नाही, चहा मात्र दोनदा मागवला. त्याच आठवड्यात एका मुलीचा फोन आला. कॉलेजात असताना ती आमच्याकडे काम शिकायला यायची, आता या जाहिरात कंपनीत आहे. त्यांना मराठी अक्षरं आणि चित्रं हाताने काढणारा माणूस हवा होता. "काका, पोर्टफोलिओ बनवा," ती म्हणाली. म्हणजे आपल्या कामाचे निवडक नमुने लावलेली फाइल. या धंद्यात मार्कशीट कोणी मागत नाही, ही फाइल पाहतात आणि तिच्यावरून माणूस घ्यायचा की नाही ते ठरवतात.

मी बनवली. जाडजूड, प्लास्टिकच्या पाकिटांची. पहिल्या पानावर गणपती आणि 'श्री गणेशाय नमः', कारण आमच्याकडे कुठलंही काम त्याच्याशिवाय सुरू होत नाही. दुसऱ्या पानावर बायोडाटा, फोटो, रक्तगट. पुढे आजवर केलेल्या, हाती लागतील तेवढ्या सगळ्या पत्रिका. रविवारी ती मुलगी घरी आली. फाइल चाळत गेली आणि तिच्या हातातला तर्री-पोह्याचा चमचा तसाच थांबला. "काका, मुलगी पाहायला चाललात का?" बायको ओट्यापासून म्हणाली, "आमच्या लग्नाची पत्रिकाही लावली हाये यायनं त्यात, पाय वं." दोघी हसल्या, मीही हसलो. मग तिने समजावलं. पाहणाऱ्याला वेळ नसतो. थोडंच लावायचं, पण आपलं लावायचं. पहिलं पान सगळ्यांत चांगल्या कामाचं. असं म्हणत ती एकेक पत्रिका काढून सतरंजीवर ठेवू लागली. फाइल रिकामी होत गेली तसा माझा जीव खालीवर होऊ लागला. शेवटी ती पहिल्या पानाशी आली. म्हणाली, आणि हा डाउनलोड केलेला गणपती तर पहिले काढा. मी म्हटलं, बाकी सगळं काढ, तो राहू दे. आणि डाउनलोड नाही तो, काढलेला आहे.

"तुम्ही काढला? आणि त्या पत्रिकेवरचा?" तोही. "आणि हा?" तोही. धंद्यात गणपती कोणी काढत नाही, गुरुजी. तयार मिळतात, हवा तो उचलून डकवायचा. मी मात्र दर घराचा नवा काढत आलो. छापायच्या कागदाच्या कटिंगमधून पट्ट्या उरतात, त्यांवर. त्याचे वेगळे पैसे कोणी दिले नाहीत आणि मी मागितलेही नाहीत. ते माझ्या हिशेबात कामात धरलेलंच नव्हतं, उदबत्ती लावण्यासारखं होतं. मी पलंगाखालची पेटी ओढली. तिने सगळ्या पट्ट्या खोलीभर मांडल्या. शिंप्याच्या घरचा, एकाच दोऱ्याने काढलेला गणपती. संत्र्याच्या व्यापाऱ्याकडचा, फोडींचा. विणकराच्या घरचा, उभ्या-आडव्या धाग्यांतून दिसणारा. जरीपटका वस्तीतल्या एका रेल्वेवाल्याच्या मुलीसाठी पिंपळपानावरचा बुद्ध. बायकोला पाय ठेवायला जागा उरली नाही. मुलगी उकिडवी बसून एकेक उचलत होती. म्हणाली, "हा आहे तुमचा पोर्टफोलिओ, काका. बाकीचं बांधून ठेवा."

हे सगळं तुमच्यामुळे, म्हणून तुम्हाला सांगतोय. आठवतं का तुम्हाला? गणपतीचे दिवस आहेत, मी पाचवीत आहे. कागदाला गोडेतेल चोळून तो आरपार दिसेल असा केला आहे, कॅलेंडरवर ठेवून गणपती उतरवला आहे. हेडमास्तरांनी तो सगळ्या वर्गांना दाखवला. तुम्ही हातात घेतलात, उलटा केलात, बोटाला लागलेलं तेल धोतराला पुसलंत. म्हणालात, "हा तं कॅलेंडरवाल्याचा गणपती हाय. तुहा कुठी हाय?" संध्याकाळी तुमच्या खोलीवर बोलावलंत. शाळेला लागून ती खोली, रॉकेलचा स्टोव्ह, भिंतीवर बुद्धाची एकच तसबीर. तुम्ही भाकरी टाकत होतात. मलाही दिलीत, वांग्याच्या भाजीशी. तुमच्याकडे काय खाल्लं ते घरी मला कोणी विचारायचं नाही आणि मीही सांगायचो नाही. जेवण झाल्यावर तुम्ही म्हणालात, "मी काही मानत नाही तुह्या देवाले. पण तू तं मानतं ना गा? मंग त्याच्याकडे पाहून काढ. कॅलेंडरकडे काहून पायतं?"

मी म्हटलं, त्याले कोनं पाह्यलं, गुरुजी? तुम्ही हसलात. "मले काय विचारतं? मानणारा तू." आणि मला शून्य नंबरचा, सगळ्यांत बारीक ब्रश दिलात, अगदी नवा, आणि स्वतः समोर बसून वह्या तपासायला लागलात. मला काहीच सुचेना. कोरा कागद आणि समोर तुम्ही, खाली पाहणारे. तुमची डावी पापणी उजवीपेक्षा जरा खाली असायची, झोपेतून नुकतं जागं झाल्यासारखी, किंवा समोरच्याचं सगळं ऐकून घेतल्यासारखी. मी डोळ्यांपासून सुरुवात केली. सोंड, कान, मुकुट मग आपोआप आले. तुम्ही चित्र पाहिलंत, "हा तुहा हाय," म्हणालात आणि पुन्हा वह्यांत डोकं घातलंत. कोणाचे डोळे आहेत ते तुमच्या लक्षात आलं नाही. स्वतःचे डोळे कोणाला दिसतात?

त्या रविवारी त्या मुलीच्या लक्षात आलं. सगळ्या पट्ट्यांवर नजर फिरवत ती म्हणाली, "काका, एकही दुसऱ्यासारखा नाही, पण डावी पापणी सगळ्यांची खाली. बुद्धाचीपण. सही आहे का ही तुमची?" मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. ती म्हणाली, विचारतील हे. प्रत्येक चित्राच्या मागे काय आहे ते सांगता आलं पाहिजे. 'असंच' म्हटलं की गेलं काम. मग पुढचे सगळे दिवस मी फाइल लावत होतो. प्रत्येक चित्राशेजारी त्याचा कच्चा आराखडा, खाली दोन ओळी, पत्रिका कोणाच्या घरची, त्यांनी काय मागितलं, मी काय विचार केला. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. जेवायलाही उठवावं लागे. पहिल्या पानावर गणपतीच राहिला. तिचंही ऐकल्यासारखं झालं आणि देवाचंही. फक्त पापणीबद्दल काय लिहावं ते सुचेना, म्हणून लिहिलं नाही.

काल त्या कंपनीच्या मोठ्या साहेबांनी फाइल उघडली. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असतील, दाढी राखलेली. पानं उलटवत गेले, एकदा मागे आले, पुन्हा पुढे गेले. ती मुलगी दाराशी उभी होती. मग त्यांनी विणकराच्या गणपतीवर बोट ठेवलं. "आणि ही पापणी?" ती माझी पद्धत आहे, असं म्हणता आलं असतं. घरून तेच घोकून गेलो होतो. तोंडातून निघालं, "आमच्या गुरुजींची आहे." ते म्हणाले, म्हणजे गुरुजी गणपतीचे भक्त होते? मी म्हटलं, नाही, ते मानत नव्हते. आणि मग सगळंच सांगितलं. तेलाचा कागद, स्टोव्ह, भाकरी, ब्रश. इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. साहेबांनी विचारलं, "त्यांचा फोटो आहे का तुमच्याकडे?" नाही म्हटलं. शाळेच्या फोटोतही तुम्ही पोरांना रांगेत उभं करत आहात, कॅमेऱ्याकडे पाठ. त्यांनी फाइल पुन्हा पहिल्या पानापासून उघडली आणि या वेळी फार हळू पाहिली. मिटवताना म्हणाले, "एक तारखेपासून या." खाली उतरलो तेव्हा मघाचा तो पाणी देणारा पोरगा पायऱ्यांवर मोबाइल पाहत होता. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, कारण कोणाच्या तरी मारायचीच होती.

एक चित्र मात्र फाइलमध्ये नाही. त्या संध्याकाळी तुमच्या खोलीत काढलेलं, पहिलं. त्या मुलीने फार मागितलं. मी म्हटलं, त्याला कुंकू लागलंय, देता येत नाही. ते फ्रेम करून आमच्या देवघरात आहे, लग्नाच्याही आधीपासून. शाळा सोडताना मी तुमच्या पाया पडायला वाकलो तेव्हा तुम्ही दोन पावलं मागे सरकलात. "पाया नोको पडू गा. माणसानं माणसाच्या पाया पडू नाही." मी मान डोलावली होती. हे पत्र आता घडी करून त्याच फ्रेमच्या मागे सारतो, दुसरा पत्ता मला ठाऊक नाही. तुमचं बाकी सगळं ऐकलं, गुरुजी. तेवढं एक ऐकलेलं नाही. रोज सकाळी पाया पडतो. आज जरा जास्त वेळ पडलो.