मेइरामचा चेहरा

अल्माटी, ३ मार्च

प्रिय राउशानताई,

सलाम. तू, भावजी आणि मुलं मजेत असाल. कोस्तनायला अजून बर्फ असेल, इकडे नुसता चिखल आहे. तू माझा फोन घेत नाहीस म्हणून लिहितोय. फाडायचं असेल तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच.

आईची तब्येत सुधारली आहे. परवा तिने स्वतः कणकेचे बाउर्साक तळले. माझं कामही ठीक चाललंय, गेम बनवणारी तीच कंपनी. दोम्ब्राच्या दोन तारा अधूनमधून छेडतो. दुर्बीण बाल्कनीत धूळ खात पडली आहे. आई म्हणते, "चंद्रावरचे खड्डे दिसतात तुला, घरातला केर दिसत नाही."

दर रविवारी ती मेइरामशी बोलते.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

त्याला पुरून आल्यावर गावच्या अंगणात तू ओराझकाकांशी भांडलीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. काका म्हणत होते, "तेलविहिरीवर काय झालं ते आईला आत्ता सांगू नका, तिचं हृदय सावरू दे." आणि तू म्हणालीस, "तिचा मुलगा गेलाय. तिला रडू तरी द्या!" चहाही न घेता निघून गेलीस.

ऑपरेशननंतर आई शुद्धीवर आली आणि पहिलं विचारलं, "मेइरामचा फोन आला का?" काकांनी मला बाहेर ओढलं. "परदेशात जाऊन माणसांची तोंडंच बनवायला शिकलास ना? मग दाखव तिला दोन मिनिटं. एकदाच."

तुला माहीत आहे, माझा प्रबंध संगणकावर माणसाची कातडी खरी भासवण्यावर होता. उजेड कातडीत शिरतो, आत जरा भटकतो आणि लालसर होऊन बाहेर येतो, उन्हात कान दिसतो तसा. त्यासाठी चेहरा हवा होता, आणि मेइराम तेव्हा माझ्याकडे सुट्टीला आला होता. सगळीकडून कॅमेरे लावून त्याला बसवलं, हसवलं, रागावायला लावलं. तो म्हणाला, "दादा, माझं तोंड विकून डॉक्टर होतोयस, निदान जेवायला तरी घाल." ते सगळं माझ्याकडे आहे. त्याचा आवाजही.

एकदाच म्हणून केलं, ताई. आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून पुढच्या रविवारी पुन्हा केलं. मी शेजारच्या खोलीत दार लावून बसतो. व्हिडिओ कॉलवर बोलतो मी, आवाज त्याचा जातो, ओठ त्याचे हलतात. तिला वाटतं, आत माझी ऑफिसची मीटिंग चालू आहे.

मागच्या खेपेला ती त्याच्याकडे माझीच तक्रार करत होती. "ओल्झास घरात असून नसल्यासारखा असतो रे." मी मेइराम होऊन म्हणालो, "आई, त्याचं मन वाईट नाही." ती म्हणाली, "नसेल. पण तुझ्याशी बोलते तसं त्याच्याशी मला कधी बोलताच आलं नाही."

आणि ताई, तरीही मला रविवारची वाट बघावीशी वाटते. तिथे तो हसतो.

आता तिने अक्ताउचं, त्याच्या नोकरीच्या गावचं, तिकीट काढलंय. नौरोजला त्याच्याकडे जाणार, त्याच्यासाठी लोकरीचा बनियन विणतेय. काकांकडे गेलो तर म्हणाले, "मी एकदा सांगितलं होतं. पुढचं तू केलंस, तूच निस्तर." आपल्यात अशी बातमी एकट्याने सांगत नाहीत. वडीलधारी माणसं जमतात, शब्द हळूहळू पुढे सरकवतात. माझ्याकडे तूच आहेस.

ये. मला शिव्या दे, पण ये.

ओल्झास


अल्माटी, १० मार्च

ताई,

तू गाडीत बसल्याचं भावजींनी कळवलं. हे पत्र काकूंच्या हाती स्टेशनवर पाठवतोय. घरात शिरण्याआधी वाच.

तुझी वाट बघायला हवी होती. काल रविवार होता. आईनेच फोन लावला. बनियन दाखवला, मापं विचारली. शेवटी म्हणाली, "कपाळ पुढे कर, लहानपणीसारखं हुंगू दे. आता थोडेच दिवस." आणि तिने फोनच्या काचेला नाक लावलं. मला पडद्यावर तिचं मिटलेल्या डोळ्यांचं तोंड दिसत होतं, अगदी जवळ.

मी उठलो, दार उघडून तिच्यापुढे जाऊन बसलो. तिच्या हातातल्या फोनवर मेइराम तसाच होता, पापण्या लववत.

"आई, मेइराम आता नाही."

"हा काय! बोलतोय की."

"तो मी होतो."

तिने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कधी गेला?"

"तू दवाखान्यात होतीस तेव्हा."

"त्याला माती कुणी दिली?"

"मी आणि काकांनी."

तिने डोक्याचा रुमाल सोडला, भिंतीकडे तोंड केलं आणि शोकाचा सूर लावला. शेजारणी धावत आल्या. आता घर माणसांनी भरलंय, रीतीप्रमाणे मटण शिजतंय. डॉक्टर येऊन गेले. हृदय टिकलंय म्हणाले.

मी पाणी घेऊन गेलो तेव्हा तिने मान वळवली नाही. शेजारणीला म्हणाली, "त्याला सांग, माझ्या लेकाचं तोंड घेऊन बसला होता, आता स्वतःचंही घेऊन जा म्हणावं."

म्हणून मी खाली आवारात बाकावर आहे. मेइरामचं सगळं अजून माझ्याकडे आहे. पुसायला हात धजत नाही, ठेवायला तोंड नाही. तेही तूच ठरव. वर जाशील तेव्हा आधी तिच्याजवळ बस, माझं नाव काढू नकोस. तिने विचारलं, तरच खिडकीतून हाक मार.

तुझा, उरलेला भाऊ
ओल्झास