आतून ओल्या गोवऱ्या

जिपारच्या बाबांना,

बिश्केकहून सलाम. मी धडधाकट आहे. खानावळीत भांडी घासते, जागा उबदार आहे. आईंची छाती कशी आहे? जिपार टोपी घालते का?

गुरुवारी बर्फाचं वादळ येतंय म्हणतात. छपराच्या पत्र्यावर दगड ठेवा, मेंढ्या आत घ्या, दारापासून गोठ्यापर्यंत दोर बांधा. एवढं तुम्हाला कळतं. पुढचं कळणार नाही, म्हणून हे पत्र गाडीवाल्या असानकुलच्या हाती देतेय. फोन आईंच्या उशाशी असतो, त्यावर हे बोलवेना.

गोवऱ्यांची रास वरून वाळलेली दिसते, पण आतून ओली आहे. उन्हाळ्यात मी त्या एकदाही उलटल्या नाहीत. इकडं यायची घाई होती, तशाच रचल्या. आईंनी विचारलं होतं, "सूनबाई, उलटल्यास ना?" मी म्हटलं, "दोनदा. आता अंगाई पण म्हणू का त्यांना?" त्या हसल्या आणि मी सुटले.

शिव्या नंतर द्या, आधी आजच रास फोडा. ओल्या गोवऱ्या चुलीमागच्या भिंतीला लावा. तोवर शेजारच्या बुरुलकडून सुक्या मागा. ती टोमणे मारेल, मारू दे. धुरानं आईंचा खोकला वाढला, तर तो माझ्यामुळं.

निघताना त्यांनी स्वतःचे लोकरी हातमोजे मला दिले होते. म्हणाल्या, "खूप राबलीस, पोरी." ते सोबत पाठवलेत. त्यांच्या हातात घाला, आणि का परत आले ते खरं सांगा.

तुमची,
जिपारची आई