तेरवीचा मठ्ठा

आरोग्य केंद्राची वसाहत,
दि. १८ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांना राखीचा शि. सा. न. वि. वि.

ज्याला लसीची गरज नाही पण ज्याची भीती खरी आहे, त्याला नाही कसं म्हणायचं? सकाळपासून हा प्रश्न डोक्यात आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही. बी. फार्म.च्या चार वर्षांत कोणी तो विचारला नाही. विचारला असता तर मी पेपर कोराच दिला असता.

आज आपल्या सावरटोल्याहून दोन ट्रॅक्टर भरून माणसं आली. आपली भुरी म्हैस गेली, ती पिसाळून गेली, आणि जनाबाईंच्या तेरवीचा मठ्ठा तिच्याच दुधाचा होता, हे मला त्यांच्याकडून कळलं, घरून नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे मान्य, पण आपली ललिताबाई गावची आशा सेविका म्हणून दर दोन-तीन दिवसांनी इथं येते. तिच्या पिशवीत एक चिठ्ठी टाकता आली असती.

सगळ्यांना रेबीजची सुई हवी होती. जनाबाईंचे भैय्याजी बाही वर करून सगळ्यांत पुढे उभे. आईच्या तेराव्या दिवसाचं जेवण आपल्या दारात झालं, म्हणून पहिली सुई आपल्याला, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी ओसरीवर उभं राहून समजावलं. दही लावायच्या आधी दूध तापवलेलं होतं, तापवलेल्या दुधात हा विषाणू राहत नाही, म्हणून मठ्ठा पिणाऱ्याला लस लागत नाही. लस लागते ती ज्याला चावा बसला, ओरखडा निघाला, किंवा ज्याच्या कापल्या-खरचटल्या जागेवर त्या जनावराची लाळ लागली, त्याला. एवढं सांगून डॉक्टर एका बाळंतिणीकडे गेले आणि मग तेच वाक्य मी संध्याकाळपर्यंत म्हणत राहिले. माणसं ऐकून घ्यायची, मान हलवायची, आणि मग आमची सुई केव्हा असं विचारायची.

लसीच्या थोड्याच कुप्या उरल्या आहेत. जिल्ह्याहून नव्या कधी येतील ते कोणी सांगत नाही. कुत्रा चावलेल्यांचे पुढचे डोस त्यातूनच द्यायचे आहेत. त्यांच्यात एक लहान मुलगी आहे, तिच्या गालालाच चावा आहे. मठ्ठ्यासाठी कुप्या फोडल्या तर तिच्या पुढच्या खेपेला काय द्यायचं?

धानाचे व्यापारी हिरालाल मात्र फार बोलले. पदवी झाली तेव्हा गावानं शाल-नारळ देला तो याच्यासाठीच काय, गावची पोरगी गावालेच नाही म्हनते, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. बाहेरच्या देशांत औषधनिर्माते स्वतः लस टोचतात असं वाचून मी किती स्वप्नं पाहिली होती, तुम्हाला माहीत आहे. इथं टोचायचं काम रुखमिणी सिस्टरचं. माझ्याकडे सुई नाही, फ्रिजची किल्ली आहे. आणि नाही म्हणायचं काम किल्लीवाल्याच्याच वाट्याला येतं.

आता मुद्द्याचं. भुरी आजारी असताना तिच्याजवळ कोण कोण होतं? कोणाच्या हाताला तिची लाळ लागली? एकेक नाव लिहून पाठवा. आई, अंकुशदादा, कीर्तीवहिनी यांना नमस्कार, छोट्या रिताला पापा.

उत्तराची वाट पाहणारी,
राखी


सावरटोला
दि. २० नोव्हेंबर

चि. राखी हिले बाबाचे आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. इकडे सगळे बरे आहोत, तुझी तब्येत जप. ललिताबाई सांगे की पोरगी वाळून काडी झाली. खिचडीशिवाय दुसरं काही शिजवत जाय.

भुरीचं तुले कळवलं नाही, कारन कळवून तू काय करनार होती. पहिल्या दिवशी तिनं कुटार खानं सोडलं. दुसऱ्या दिवशी तोंडातून लाळ गळे, अन् रेकताना आवाज घोगरा येऊन राहिला होता. लोकायनं म्हटलं, गळ्यात काही अडकलं असन. अंकुशनं दोर धरला, पाहिलं, काही निघालं नाही. मंग ते कोनाले जवळ येऊ देईना. चौथ्या दिवशी गेली. जनावरायचे डॉक्टर आले तवा त्यायनं सांगतलं का पिसाळली होती म्हनून. मागं तो पागल कुत्रा टोल्यातून गेला, त्यानंच चावलं असन. आपल्याले का मालूम.

दही मी आपल्या खुशीनं देल्लं होतं. जनाबाईनं तुले लहानपनी खांद्यावर खेळवलं, तिच्या तेरवीले आपल्या घरचा मठ्ठा जावा असं तुह्या आईले वाटलं. आता लोक म्हनतेत का सेवकरामनं गावाले जहर पाजलं. भैय्याजी रोज सकाळी चहाले येत होता, तो येत नाही. मी बहिरा आहो हे एका परीनं बरंच झालं, अर्धं बोलनं ऐकूच येत नाही.

तुवा जे केलं ते बरोबर केलं. नियम आहे तं तो सगळ्यायले सारखा. घरच्याले एक अन् गावाले एक असं तुह्या हातून कधी होऊ देऊ नोको. तू आपल्या घरची पहिली शिकली पोरगी, तुह्याकडे पाहून टोल्यातल्या आनखी चार पोरी कालेजात जातीन.

अंकुशच्या हाताले काही नाही, मी पाहून घेतलं. काळजी करू नोको.

तुझा,
बाबा (सेवकराम)


आरोग्य केंद्राची वसाहत,
दि. २२ नोव्हेंबर

ती. बाबांना शि. सा. न.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. दोर दादानं धरला हे कळलं. पाहिलं कोणी, ते तुम्ही लिहिलं नाही. आणि गळ्यात काय अडकलं हे बाहेरून दिसत नाही, हात घालावा लागतो. बाबा, हात कोणी घातला?

मी हे उगाच विचारत नाही. हा आजार एकदा दिसायला लागला की डॉक्टरांकडे त्याच्यावर औषध नाही. दिसायच्या आधी मात्र लस आहे, आणि ती वेळेवर घेतली तर माणूस वाचतो. लाळ लागली त्याच दिवशी यायला हवं होतं. पण उशीर झाला तरी वेळ गेलेली नाही, आजही चालेल, उद्यापेक्षा आज बरं. ज्याच्या कापलेल्या जागेला लाळ लागली त्याला लसीसोबत त्या जखमेत एक वेगळं सीरमही द्यावं लागतं. ते आमच्याकडे नाही, तुमसरच्या दवाखान्यातून मागवावं लागेल. म्हणून नाव हवं.

इथलं विचाराल तर टोल्याची माणसं रोज येतात, आता नवीन गोष्टी घेऊन. एका म्हाताऱ्यानं पोटरीवरचा ओरखडा दाखवला, कुत्रा चावला म्हणाला. सिस्टरनं पाहिलं तर त्यात बाभळीचा काटा तसाच. त्यांनी चिमट्यानं तो काढून त्याच्या हातावर ठेवला आणि या कुत्र्याचा दात जपून ठेवा म्हणाल्या. सगळे हसले, म्हातारासुद्धा. पण हसून झाल्यावरही तो जागचा हलला नाही. सुई द्या म्हणून बाकावर बसून राहिला. त्याला कसं उठवायचं, हेही मला येत नाही.

हिरालाल काल बाहेरून विकतची लस घेऊन आले, साध्या पिशवीत, बर्फ नाही काही नाही, आणि मलाच टोचून मागत होते. टोचणं माझं काम नाही, आणि उन्हात तापलेली लस घेऊन उपयोगही नाही, असं सांगितलं. तेव्हा म्हणाले, मंग शिकली काहून? बाबा, मी थकले आहे. रात्री फ्रिजच्या तापमानाचा काटा पाहून येते आणि अंथरुणावर पडले तरी फ्रिजचाच आवाज ऐकू येतो.

ज्यानं हात घातला त्यानं हात साबणानं, वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावा, चुना-हळद काही लावू नये, आणि ललिताबाईसोबत निघून यावं. तो कोणीही असो.

तुमच्या एका ओळीसाठी अडून बसलेली,
राखी


सावरटोला
दि. २३ नोव्हेंबर

चि. राखी हिले आशीर्वाद.

कापनी जोरात सुरू आहे, लंबं पत्र लिहाले फुरसत नाही. हाताचं काहून विचारतेस, धानकापनीत सगळ्यायचेच हात इळ्यानं कापले राहतेत. गावाचं बोलनं थंड होईपर्यंत तू इकडे येऊ नोको अन् कोनाले बोलावू नोको. ज्यायले गरज आहे त्यायचं पाहाय. त्या गालावर चावलेल्या पोरीचं पाहाय.

रिता तुह्या नावानं बाहुलीले सुई टोचते. म्हनते, आत्यानं सांगतलं, रडू नोको.

बाबा


सावरटोला
दि. २४ नोव्हेंबर

प्रिय राखीताईंना कीर्तीचा नमस्कार.

फोन केला असता, पण आपलं घर केवढं. मामाजींना ऐकू येत नाही, बाकीच्यांना मात्र भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. म्हणून लिहिते आणि ललिताबाईंच्या हातीच देते. मामाजींनी सगळ्यांना आणभाक घातली आहे. ती मी मोडते आहे. पाप लागायचं तर मला लागो.

हात मामाजींनीच घातला. उजवा हात, कोपरापर्यंत. यांनी दोर धरला होता, भुरी तडफडत होती, तिचे दातही लागले. इळ्यानं बोटं आधीच चिरलेली होती. सासूबाईंनी लगेच पाणी ओतलं, पण साबण नाही, वरून हळद दाबली. पिसाळली होती हे कळलं त्याच दिवशी मी म्हटलं, ताईकडे चला. ते निघालेही होते. तेवढ्यात ट्रॅक्टर परत आले, आणि तुम्ही सगळ्यांना नाही म्हणालात हे कळलं. तेव्हा त्यांनी पायातली चप्पल काढून ठेवली. म्हणाले, गावाले नाही म्हनलं अन् बापाले देल्ली असं झालं तं पोरगी या गावात तोंड कसं दाखवन. तिची एवढ्या मेहनतीची इज्जत माह्या एका हातासाठी घालवाची काय.

ताई, त्यांना सगळं समजतं. आता ते गोठ्यात झोपतात, भुरीच्या रिकाम्या खुंट्याशेजारी. ताट वेगळं, तांब्या वेगळा. रिता आजोबा-आजोबा करत मागं लागते तर तिला लांबूनच हाकलतात आणि मग तोंड फिरवून बसतात. तुमची पत्रं खिशात ठेवून हिंडतात, कोणी नसलं की काढून वाचतात. सासूबाई नुसत्या मागोमाग पाण्याचा गडू घेऊन फिरतात. पाणी पिताना त्यांना ठसका लागतो का ते पाहतात. अजून लागला नाही.

मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका असं म्हणणार होते. पण आता कळलं तर कळू द्या.

तुमची वहिनी,
कीर्ती


आरोग्य केंद्र,
दि. २५ नोव्हेंबर, दुपार

ती. बाबांना राखीचा शि. सा. न.

हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा दारात गाडी उभी असेल. वहिनीवर रागावू नका. तिनं लिहिलं नसतं तर आज रात्री मी स्वतः येऊन तुमचा हात पाहिला असता.

तुम्ही माझ्या नावासाठी गप्प राहिलात हे वाचून मला आधी रडू आलं, मग राग आला. नियम सगळ्यांना सारखा, असं तुम्हीच लिहिलं होतं. मग तो तुम्हालाही सारखाच लागतो. म्हशीच्या तोंडात हात घालणाऱ्याला लस द्यायची असं नियमात आहे. तो हात औषधवालीच्या बापाचा नसावा असं कुठंही लिहिलेलं नाही. मठ्ठा पिणाऱ्यांना नाही म्हणताना मी तुमच्यासाठी काही राखून ठेवलं नव्हतं. ज्याच्यासाठी राखलं होतं तो माणूस तुम्ही निघालात, एवढंच.

वहिनीचं पत्र सकाळी मी डॉक्टरांपुढे ठेवलं, कारण माझ्या घरच्या माणसाबद्दल मी ठरवणं बरोबर नाही. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि तुमसरला फोन लावला. सीरम निघालं आहे, तुमच्या आधी पोहोचेल.

मग मी बाहेर ओसरीवर गेले. आपल्या टोल्याची माणसं होतीच, बाकावरचा म्हाताराही होता. मी सगळ्यांना सांगितलं की भुरीच्या तोंडात माझ्या वडिलांनी हात घातला होता, त्यांच्या हाताला जखमा होत्या, आणि आज त्यांना लस मिळणार आहे. तुम्हाला मिळणार नाही, आणि दोन्हीचं कारण एकच आहे. त्यांनी हे इतके दिवस का लपवलं आणि ते आता गोठ्यात का झोपतात तेही सांगितलं. हे सांगायच्या आधी तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नाहीच म्हणाला असता.

हिरालाल म्हणाले की शेवटी घरच्याचंच काम झालं, आणि निघून गेले. असे आणखी काही निघतील, आणि ते बोलणं मला या गावात पुष्कळ दिवस ऐकावं लागेल. ऐकेन. भैय्याजी मात्र खाली बसले होते ते उठले आणि मला म्हणाले, बाप तिकडे गोठ्यात पडला हाये अन् तू इथं भाषन देऊन राहिली, त्याले आनाचं कोनी? गाडी त्यांचीच आहे. रस्त्यात ते बोलतील, तुम्हाला अर्धं ऐकू येईल. तेवढं पुरेल.

मठ्ठा पिणाऱ्यांच्या भीतीचं काय करायचं ते अजूनही मला कळलेलं नाही. बाकावरच्या म्हाताऱ्याला मी आज चहा दिला. तो पिऊन तिथंच बसला आहे. म्हणतो, सेवकराम आला का मंगच जाईन.

टोचणार रुखमिणी सिस्टर. मी फक्त फ्रिज उघडीन. पुढच्या खेपा ठरलेल्या दिवशीच घ्यायच्या, तेव्हा कापणी मधे आणू नका. रात्री घरात झोपा, रिताला जवळ घ्या, तिला तुमच्यापासून काही होत नाही.

तुमच्या नावाची चिठ्ठी मी काढून ठेवली आहे. सैल बाहीचा सदरा घाला आणि गाडीत बसा.

तुमची,
राखी